अकराचा अ‍ॅव्हरेज

"आते पुरे भाऊ! गाडी शे का झोका?"

सुनंदाबाई हातात नोझल धरून उभी होती आणि नवल गाडीच्या मागच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावून गाडी हलवत होता. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. सकाळचे सव्वासहा वाजले होते. सावद्याच्या अलीकडच्या या पंपावर त्याच्यामागे केळीच्या दोन गाड्या आणि एक दूधवाला ताटकळत होते. दूधवाल्याने एकदा हॉर्न वाजवला, मग नवलचं तोंड बघून तो गप्प बसला.

"अजून अर्धा लिटर जाईन," नवल म्हणाला. "हवा अडकेल राह्यते आत. टाक."

"तीनदाव कट पडना. मशीनले समजस, तुमले समजत नही?"

सुनंदाबाई धुळ्याकडची. सावद्याला येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, पण राग आला की ती अजून माहेरचीच बोली बोलायची. तिने नोझल पुन्हा टाकीत घातला. थोडं पेट्रोल गेलं आणि चौथ्यांदा कट पडला, नोझल आपोआप बंद झाला. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल चमकलं तेव्हा कुठे नवलचं समाधान झालं. त्याने एक थेंब तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि वाळायची वाट बघत तसाच उभा राहिला. हात कोरडा झाला पाहिजे आणि डाग राहता कामा नये, ही तपासणी त्याला त्याच्या मालकांनी, आबांनी शिकवली होती.

"डाग शे का?" सुनंदाबाईने विचारलं.

"नही."

"मंग? महिनाभर बघी ऱ्हायनू तुमले. बठ्ठं पेट्रोल एकच शे भाऊ. बोर्ड तेवढा येगळा."

"पेट्रोल वेगळं असतं तर बरं झालं असतं," असं काहीतरी पुटपुटत नवल गाडीत बसला. मीटरवरचा आकडा त्याने दोनदा वाचला, ओठ हलवून पाठ केला. मग पुन्हा खाली उतरून टाकीचं झाकण नीट लागलंय का ते पाहिलं. ते लागलेलं होतं. त्यानेच लावलं होतं.

नवलला हे वेड महिन्याभरापासून लागलं होतं. त्याआधी बावीस वर्षं त्याने पेट्रोल भरलं ते इतर माणसं भरतात तसंच. तोताराम आबांच्या घरी तो ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा तिथे जीप होती, मग दुसरी एक गाडी झाली आणि दोन हजार अकरा साली ही पांढरी डिक्कीवाली आली. केळीच्या पट्ट्यात सगळे डिझेलची गाडी घेतात. आबांनी हट्टाने पेट्रोलची घेतली. "डिझेल शेतासाठी," ते म्हणायचे, "झुंबरले त्या वासानं मळमळते." झुंबरबाई म्हणजे आबांची बायको. दर गुरुवारी दोघं जळगावला, मेहरूणला लेकीकडे जायचे, आणि गाडी आबा स्वतः चालवायचे. ड्रायव्हर असूनही नवल मागे बसायचा. मागच्या सीटवर बसून पगार घेणारा असा रावेर तालुक्यात मी एकटाच, असं तो चारचौघांत सांगायचा.

झुंबरबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. पुढच्याच वर्षी आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि एका दुपारी त्यांनी केळीच्या ट्रकला गाडी घासली. ट्रकच्या मागे कॅरेट उचलणारा माणूस उभा होता. त्याचा पाय थोडक्यात वाचला. त्या दिवशी हितेंद्रने, आबांच्या मुलाने, बापाच्या हातातून चावी काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते डाव्या सीटवर बसायला लागले. पण गाडी सिग्नलला आली की त्यांचा उजवा पाय तिथे नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. ते नवलला दिसायचं आणि तो समोर बघायचा.

आता एरवी गाडीला एवढंच काम उरलं होतं. हितेंद्रची बायको ज्योत्स्नावहिनी सावद्याच्या बँकेत होती. तिला सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. मधल्या वेळात गाडी मळ्यातल्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहायची आणि नवल जेवायला घरी जायचा.

आणि अशा या सरळ कामात मार्च महिन्यात हितेंद्रने ओट्यावर चहा पिता पिता विचारलं होतं, "नवलभाऊ, गाडी साडेचौदाचा अ‍ॅव्हरेज द्यायची ना आपली?"

"पंधराबी देते, भाऊ. रस्ता मोकळा असला का."

"मग अकरा कसा येतोय?" हितेंद्रने मोबाईल पुढे धरला. त्यात तो प्रत्येक टाकीची नोंद ठेवायचा. "तीन महिने झाले, अकराच्या वर जात नाही. पेट्रोल गाडीच पितेय ना?"

नवल काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "मी काही म्हणत नाही हं. फक्त विचारतोय."

काही म्हणत नाही, हेच नवलच्या डोक्यात बसलं. सरळ चोर म्हटला असता तर त्याने चार शब्द सुनावले असते, निदान आवाज तरी चढवला असता. ड्रायव्हर लोक पाईप टाकून पेट्रोल काढतात आणि बाटलीने विकतात हे रावेरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या लोकांत आपण नाही, यावर तर नवलची मान बावीस वर्षं ताठ होती. त्याच्याजवळ दुसरं होतंच काय? शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. 'नवल सोन्याचा माणूस' एवढं एक वाक्य होतं, आणि तेही आबांनी म्हटलेलं.

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोष पेट्रोलचाच असणार असं त्याने ठरवून टाकलं. आधी पंप बदलला. रावेरचा, मग सावद्याचा, मग फैजपूरचा. सरकारी कंपनीचं भरून बघितलं, खाजगी कंपनीचं भरून बघितलं. कोणी म्हणालं, उन्हात पेट्रोल फुगतं, पहाटे भरा. तो पहाटे भरायला लागला. कोणी म्हणालं, वरच्या दर्जाचं, पंचाण्णव ऑक्टेनचं टाका, इंजिन साफ होतं. वरचा फरक खिशातून घालून त्याने तेही टाकलं. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. दर वेळी उत्तर अकरा. कधी अकराला दोन पॉइंट कमी, कधी तीन पॉइंट जास्त.

फैजपूरच्या सुकलाल मिस्त्रीने त्याच्यासाठी अर्धा दिवस गाडी उघडून ठेवली. प्लग काढले, एअर फिल्टर झटकला, कुठे गळतंय का म्हणून खाली झोपून पाईप चाचपले.

"कुठीच गयती नही," सुकलाल हात पुसत म्हणाला. "इंजिन एकदम चोख हाये. कोन म्हनते अकरा देते?"

"हितूभाऊचा मोबाईल म्हनते."

"मंग मोबाईल इकून टाक."

"सुकलाल, मी शंभर ऑक्टेनचं टाकून पाहू का? भुसावळले भेटते म्हनतात."

सुकलालने त्याला समोरच्या टायरवर बसवलं. "हे पाह्य. लोकाइले वाटते ऑक्टेन म्हंजे ताकद. ताकद नही, सबुरी. ठिनगी पडायच्या आधीच जे भडकते, त्यानं इंजिन टकटक करते. जे ठिनगीची वाट पाहते, ते जास्त ऑक्टेनचं. तुह्या गाडीले तितल्या सबुरीची गरज नही." त्याने नवलच्या सारख्या हलणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुले हाये."

नवल हसला नाही. पुढच्या गुरुवारी आबांना मेहरूणला लेकीकडे, डिंपलताईकडे न्यायचं होतं. जाताना त्याने मुद्दाम भुसावळच्या त्या पंपावर गाडी घेतली आणि शंभरचं टाकलं. आबा डावीकडे बसून बघत होते.

"हे कोनतं रे?"

"शंभरवालं, आबा. विमानासारखं पयते म्हनतात."

"आपल्याले कुठी उडायचं हाये," आबा म्हणाले. पण भुसावळ सोडल्यावर त्यांनी काच खाली केली, कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "गोड चालू हाये. बावीस वर्सात तुह्या हातून मले कधी खोट दिसली नही, नवल."

नवलला त्या वाक्याने बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. हितेंद्रने आबांना अजून काही सांगितलं नव्हतं, पण ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी या वाक्याचं काय होईल, एवढंच त्याला मेहरूण येईपर्यंत दिसत राहिलं.

त्या टाकीचा अ‍ॅव्हरेजही अकराच आला.

सोमवारी हितेंद्र स्वतः पंपावर आला. "आज मी भरतो," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी परत मीच भरेन. साधंच पेट्रोल. मधे कोणी काही टाकायचं नाही, काही हलवायचं नाही. म्हणजे तुमच्याही मनात राहायला नको आणि माझ्याही."

नवलला आनंद झाला. खराच झाला. हितेंद्र वाईट माणूस नव्हता. त्याला हिशेबी खात्री हवी होती, तशीच नवललाही हवी होती. तो आठवडा नवलने नवरीची गाडी चालवावी तशी गाडी चालवली. खड्ड्याआधी दहा पावलं वेग कमी. उतारावर पाय वर. वहिनी एकदा म्हणाल्या, "नवलभाऊ, बँक उघडायच्या आधी पोचू ना आपण?"

बुधवारी दुपारी घरी तो ताटावर बसला होता. शेजारी पाण्याची बाटली होती. त्यात सकाळी पंपावरून विकत आणलेलं थोडं पेट्रोल ओतून त्याने ती हलवून ठेवली होती. पेट्रोलमध्ये काय मिसळलंय ते पाण्यात उतरतं, असं त्याने मोबाईलवर बघितलं होतं. घास हातात धरून तो बाटलीकडे डोळे बारीक करून बघत होता.

"भाकरीले बी वास येऊ राह्यला त्याचा," त्याची बायको कुंदाबाई म्हणाली. "एक इचारू का?"

"काय?"

"तुम्ही काही केलं नही ना?"

नवलने घास खाली ठेवला. "कुंदा, तू बी?"

"तसं नही हो. मी म्हनते, काही केलं नही त मंग कशाले जीवाले इतला त्रास? झोपत नही, जेवत नही. पाहनाऱ्याले वाटंन..."

पाहणाऱ्याला काय वाटेल ते तिने सांगितलं नाही. नवल हात धुऊन उठला. दुपारचा दीड वाजला होता आणि बाहेर ऊन असं होतं की कुत्री गटारीत बसली होती. त्याने रिकामी बाटली घेतली, मोपेड काढली आणि मळ्याकडे निघाला. तापलेल्या टाकीतलं पेट्रोल काढून सकाळच्या पेट्रोलशी ताडून बघायचं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. खरं म्हणजे त्याला बसवत नव्हतं.

मळ्यात केळी भरायचं काम जोरात होतं. पॅकिंगच्या शेडमध्ये जनरेटर धडधडत होता, पाण्याच्या टाकीत फण्या धुतल्या जात होत्या, खोकी आदळत होती. त्या आवाजात नवल गाडीच्या शेडजवळ पोचला आणि थबकला. जनरेटरखाली आणखी एक आवाज होता. बारीक, गोड, ओळखीचा.

गाडी चालू होती.

चोर! नवलला इतका हर्ष झाला की क्षणभर त्याला रडू येईल असं वाटलं. सापडला. कुठेतरी पाईप टाकून बसला असणार. त्याने कुंपणाला लावलेला, केळीला टेकू द्यायचा बांबू उचलला, चपला काढल्या आणि भिंतीच्या कडेने पुढे सरकला. शेड फक्त अंगणाच्या बाजूने उघडं, गाडीच्या तोंडासमोर पॅकिंग शेडची भिंत. नवल रोज गाडी तशीच, भिंतीकडे तोंड करून लावायचा. तिथे सावली जास्त पडते.

त्याला आधी विटा दिसल्या. पुढच्या दोन्ही चाकांना दोन दोन विटा, नीट घट्ट बसवलेल्या. पेट्रोल चोरायला आलेला माणूस चाकाला विटा कशाला लावेल?

मग त्याला आबा दिसले.

ते स्टिअरिंगवर बसले होते. टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवलेली. सीट पुढे ओढलेली. ही सीट चार महिने रोज दुपारी पुढे सरकलेली असायची आणि खाच झिजली असेल म्हणून नवल ती कुरकुरत मागे करायचा. काचा बंद, एसी चालू. आबांचे दोन्ही हात चाकावर होते आणि नजर समोर भिंतीवर. त्यांनी डावा पाय दाबला, गिअर बदलला, थोडा वेळ गेला, पुन्हा बदलला. ओठ हलत होते. मग त्यांनी उजवा दिवा लावला. समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडायचा आणि जायचा. आबांनी उजव्या आरशात बघितलं, वळण घेतलं आणि दिवा बंद केला.

त्याच आरशात त्यांना नवल दिसला. बांबूसकट.

काच खाली आली. गार हवेचा एक झोत नवलच्या तोंडावर आला.

"बॅटरी उतरते रे उभ्या गाडीची," आबा म्हणाले. "म्हनून चालू करून ठेवतो थोडी."

"हो, आबा."

"तू जेवाले जातोस तव्हा."

"रोज?"

"चार महिने झाले," आबा चाकाकडे बघत म्हणाले. नवलने बांबू भिंतीला टेकवून ठेवला. "पन चावी त ओट्यावर खिळ्याले हाये."

आबांनी बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवला. गाडीची दुसरी चावी दोन वर्षांपूर्वी हरवली होती. तिच्यासाठी सगळ्या घराने कपाटं उपसली होती, विहिरीचा कठडाही बघितला होता. "हरपेल नव्हती," आबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, एवढ्या एसीत. "हितूले सांगू नको. तो नुसतं बसू बी देनार नही मंग."

"कुठपर्यंत जाता?" नवलने विचारलं. आपण हे का विचारलं ते त्यालाही कळलं नाही.

"भुसावळपर्यंतच. पुढं भलती गर्दी राह्यते." आबा थोडं हसले. "डोयाच्या कडंचं दिसत नही आता. पन या रस्त्याले डोये कशाले पायजेत? सावद्यापर्यंत झुंबर बोलत राह्यते. फैजपूर आलं का तिले झोप लागते."

नवल 'बरं' म्हणाला, चपला घातल्या, रिकामी बाटली तिथेच विसरला आणि निघून गेला.

त्याला राग आला होता. आबांवर इतका राग त्याला बावीस वर्षांत आला नव्हता. भर उन्हात मोपेडवर तो मोठ्याने बोलत होता. तुम्ही तिथे गार हवेत भुसावळला जा, आणि इथे मी पंपापंपावर गाडी हलवत फिरतो! लोक हसतात मला! माझी बायको विचारते, तुम्ही काही केलं नाही ना! तासभर एसी लावून उभी गाडी चालली तर अ‍ॅव्हरेज अकरा येईल नाहीतर काय येईल? हे पहिलीतल्या पोराला कळेल, आणि मी मात्र ऑक्टेन मोजत बसलो!

एक वाक्य पुरलं असतं. हितेंद्रला फक्त सांगायचं, भाऊ, दुपारी दीड वाजता शेडमध्ये येऊन बघा. बस. आणि आबांना सांगायचं तर त्याहून सोपं. आबा तुमच्यापायी मी चोर ठरतोय, एवढं म्हटलं असतं तर आबांनी त्याच पावली पोराला हाक मारली असती, तसा माणूस होता तो. म्हणून तर म्हणवत नव्हतं.

गुरुवारी त्याने मधला मार्ग काढायचं ठरवलं. सोमवारपर्यंत चार दिवस बसू नका, एवढंच आबांना सांगायचं. कारण विचारलंच तर काहीही सांगता येईल. जेवायला जायच्या वेळी तो ओट्यावर गेला. आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बसले होते. शाळा सुटायच्या घंटेची वाट बघणाऱ्या पोराचा भाव होता त्यांच्या तोंडावर.

"आबा, आज ऊन भलतं हाये," नवल म्हणाला.

"हो ना. लवकर जा तू. जेवन निवते."

नवल जेवायला गेला.

रविवारी त्याने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. हितेंद्र ओट्यावर एकटा होता. "भाऊ, एक म्हनू? आबाइले दुपारचं गाडीत नुसतं बसू दिलं त? चावी देऊन. मी राह्यतो बाजूले."

हितेंद्रने मोबाईल खाली ठेवला. "चावी हातात आल्यावर माणूस नुसता बसून राहतो का, नवलभाऊ? त्या कॅरेटवाल्याचा पाय आठवतो ना? मला आजही झोपेत ती किंकाळी ऐकू येते. ती दुसरी चावी मला सापडली असती ना, तर मी विहिरीत टाकली असती. गाडीच विकून टाकावी असं कितीदा मनात येतं. ज्योत्स्नासाठी ठेवलीय फक्त."

त्याचं चुकत होतं असं नवलला म्हणता आलं नाही. तो 'हो' म्हणून उठला. पण त्याने त्या विटा बघितल्या होत्या आणि हितेंद्रने बघितल्या नव्हत्या.

सोमवारी सकाळी तिघं पंपावर होते. हितेंद्र, नवल आणि नोझल धरलेली सुनंदाबाई. पहिला कट पडला तसा हितेंद्र म्हणाला, "बस." नवलचे हात सवयीने गाडीकडे गेले. त्याने ते मागे घेतले.

हितेंद्रने मोबाईलवर भागाकार केला. "अकरा पूर्णांक चार."

मागे एका ट्रॅक्टरवाल्याने रेडिओ लावला होता.

"साधं झालं, भारीतलं झालं, शंभरवालं झालं," हितेंद्र म्हणाला. "आता काय राहिलं, नवलभाऊ? तुम्हीच सांगा."

नवलने मीटरकडे बघितलं. मग म्हणाला, "पेट्रोलच बदललं, भाऊ. आता मिसळेल येते. ह्या जुन्या गाडीले आता अकराच पडनार. कोनी बी चालवली तरी अकराच. ध्यानात ठेवजा. तुम्ही चालवली तरी."

सुनंदाबाईची मान वर झाली. कोणतंही पेट्रोल टाका, आकडा अकराच येतो, हे मागच्याच आठवड्यात याच माणसाने तिला इथेच सांगितलं होतं. "पन भाऊ, तुम्हीच त..." ती म्हणाली. नवलने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. ती नोझल जागेवर अडकवायला लागली. तो एकदा अडकवला, मग काढून पुन्हा अडकवला.

परतीच्या वाटेवर गाडी हितेंद्रने चालवली. नवल डाव्या सीटवर होता. हितेंद्र समोर बघत म्हणाला, "तुम्ही मला गाडी शिकवली. म्हणून मी काही म्हणत नाही. पण पुढच्या महिन्यापासून ज्योत्स्नाला मीच सोडेन आणि आणेन. मधला दिवसभर गाडी शेडमध्येच तर असते."

"बरं."

"कोणाला काही सांगणार नाही मी. आबांना तर मुळीच नाही. त्यांचा तुमच्यावर इतका विश्वास आहे, त्यांना फार लागेल. मी सांगेन, नवलभाऊ मुलीकडे सुरतेला गेले."

"आबाइले सांगू नका," नवल म्हणाला. "हे चांगलं केलं."

समोर वळण आलं आणि नवलचा उजवा पाय खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहिनींना बँकेत सोडून तो अकरा वाजता परत आला. गाडी धुतली. काचा कागदाने पुसल्या. मग रोजच्यासारखी शेडमध्ये न घालता त्याने ती अंगणात फिरवली आणि मागे मागे घेत आत लावली. आता भिंत गाडीच्या पाठीमागे होती. तोंडासमोर अंगण, फाटक आणि फाटकापलीकडे केळीच्या बागांमधून सावद्याकडे जाणारा रस्ता.

विटांवर आता त्याचा भरवसा नव्हता. विहिरीजवळचे दोन काळे दगड त्याने पोटाशी धरून एक एक करून आणले आणि पुढच्या चाकांना लावले. लाथ मारून बघितली. हलले नाहीत. सीट पुढे ओढली, दोन खाचा. आरसा आबांच्या उंचीला वळवला. त्यासाठी त्याला मान खाली घालून, अंग चोरून बसावं लागलं. मग चावी नेऊन ओट्यावरच्या खिळ्याला लावली.

आबा टोपी घालून बसले होते. "चालला का जेवाले?"

"हो, आबा."

"ऊन हाये. सावकाश जा."

"तुम्ही बी," नवल म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांना कडेचं दिसत नसे, पण नवल समोरच उभा होता. नवल पाया पडला. सणवार नसताना तो का पडतोय हे आबांनी विचारलं नाही. नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला.

घरी जाऊन कुंदाबाईला काय सांगायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. लोक काय म्हणतील ते ठरलेलं होतं. ते म्हणणारच होते. फाटकाबाहेर त्याने मोपेड चालू केली, थोडी पुढे नेली आणि राहवलं नाही म्हणून मागे वळून बघितलं.

शेडच्या सावलीत पांढऱ्या गाडीचा उजवा दिवा लागला होता. लुकलुकत होता. चाकांचे दगड जागेवरच होते. गाडी रस्त्यावर यायला निघाली होती.

नवलने मोपेड कडेला, पार खाली मातीत घेतली आणि पाय टेकून उभा राहिला. आबांना जायला वाट दिली.